बसण्याआधीचं पाणी, मधलं पाणी, सकाळचं पाणी: दारू, लघवी आणि शरीरातल्या पाण्याचा हिशेब

पहिला पेग संपतो न संपतो तोच एकेक जण लघवीला उठायला लागतो. दुसऱ्या पेगपर्यंत लघवी पाण्यासारखी स्वच्छ होते आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. लघवी पांढरी आहे म्हणजे शरीरात पाणी भरपूर आहे, असं वाटतं. एरवी हे खरं असतं, पण पिताना नाही. त्या वेळी लघवी पांढरी होते ती पाणी जास्त झाल्यामुळे नव्हे, तर पाणी राखून ठेवण्याचा मेंदूचा निरोप किडनीपर्यंत पोचत नाही म्हणून. एवढं लक्षात घेतलं की पाणी किती प्यायचं यापेक्षा ते कधी प्यायचं याला जास्त महत्त्व का आहे, हे कळतं. हा लेख मुख्यतः त्या 'कधी'चा आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. पाणी सांभाळलं म्हणून दारू निर्धोक होत नाही. यकृताची हानी, कर्करोगाचा धोका आणि व्यसन यांतल्या कशावरही पाण्याचा उतारा नाही. दारूचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा इथली माहिती पिणाऱ्याचं नुकसान थोडं कमी व्हावं आणि धोक्याच्या खुणा वेळेवर ओळखता याव्यात, यासाठी आहे.

लघवी वाढते ती कशामुळे

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर जातो आणि बाकीचा रक्तात परत घेतला जातो. त्यातलं शेवटचं पाणी किती परत घ्यायचं, हे व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक ठरवतं. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सोडलं जातं. ते किडनीतल्या नळ्यांपर्यंत पोचलं की नळ्यांच्या भिंतींत पाण्यापुरते बारीक मार्ग उघडतात, पाणी परत रक्तात येतं आणि लघवी थोडी व गडद होते. ते कमी पडलं की मार्ग मिटतात आणि पाणी सरळ लघवीच्या पिशवीत जातं.

दारू या संप्रेरकाचा पुरवठा दाबते. साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्याचा परिणाम जाणवू लागतो. रक्तातलं अल्कोहोल चढत असताना हा परिणाम जोरात असतो. चढण थांबली की अंगात दारू असूनही लघवीचा जोर ओसरतो, आणि पुढे काही तासांनी काटा उलट्या बाजूला झुकतो: व्हॅसोप्रेसिन वाढतं आणि शरीर पाणी धरून ठेवू लागतं. म्हणून रात्री दहाला पांढरीशुभ्र असलेली लघवी सकाळी सातला गडद पिवळी आणि थोडीच होते. व्हॅसोप्रेसिन वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये मळमळही आहे. हँगओव्हरमध्ये मळमळत असताना लघवी कमी होण्यामागे तेही एक कारण असतं.

"एकदा उठलं की मग सारखं उठावं लागतं, म्हणून पहिल्यांदा जाणं लांबवायचं," हा सल्ला प्रत्येक बैठकीत कोणीतरी देतोच. लघवीच्या पिशवीला असं कुठलंही झाकण नसतं. पहिल्यांदा उठण्याची वेळ आणि व्हॅसोप्रेसिन पुरतं दबण्याची वेळ एकच असते, म्हणून त्यानंतर वारंवार जावं लागतं. तुम्ही दाबून धरलं तरी किडनी लघवी करायची थांबत नाही. पिशवीत १५०-२०० मिली जमलं की पहिली जाणीव होते आणि ४००-५०० मिलीला ती भरते. दाबून धरल्याने त्रास आणि संसर्गाची शक्यता वाढते, पाणी मात्र वाचत नाही.

सोडा, कोला, लिंबू आणि कॉफी यांनी काहींच्या पिशवीला चुरचूर लागते. प्रत्येक वेळी थोडीच लघवी होते पण घाई फार होते, असं असेल तर पेग सोड्याऐवजी साध्या पाण्यात घेऊन पाहा. बऱ्याच जणांना तेवढ्याने फरक पडतो.

किती जातं, किती येतं

हिशेब सोपा आहे. व्हिस्की, रम, व्होडका यांच्या आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे मिलीलिटरला ०.७९ ने गुणलं की ग्रॅम मिळतात. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये अंदाजे १० ग्रॅम, ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या बिअरच्या बाटलीत ५ टक्के असेल तर २६ ग्रॅम आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली दोन मोठ्या पेगांबरोबर येते, हे बिअरला 'हलकी' समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. १५० मिली वाइनमध्ये जवळपास १५ ग्रॅम.

प्रत्येक ग्रॅममागे नेहमीपेक्षा सुमारे १० मिली जास्त लघवी होते, हा १९४० च्या दशकापासूनचा ठोकताळा आहे. म्हणजे छोट्या पेगला १०० मिली, मोठ्या पेगला २०० मिली. हा आकडा वरच्या बाजूचा धरावा, कारण शरीर जसजसं कोरडं पडतं तसतशी किडनी दारूचं कमी ऐकते आणि पुढच्या पेगांना लघवी त्या मानाने कमी वाढते.

आता यातली आवक धरू. मोठा पेग 'नीट', म्हणजे काहीही न मिसळता, घेतला तर त्यात पाणी जेमतेम ३४ मिली आणि जादा लघवी २०० मिली, म्हणजे सरळ दीडशेहून जास्त मिलीचा तोटा. तोच पेग १५० मिली पाण्यात घेतला तर येणं-जाणं जवळपास सारखं होतं. पण नेहमीची लघवी, घाम आणि श्वासातून जाणारं पाणी चालूच असतं. ते भरायला आणखी एक पेला लागतो. ५ टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीत ६०० मिलीहून जास्त पाणी असतं आणि जादा लघवी अंदाजे २६० मिली, म्हणजे बेरीज शिलकीतच राहते. प्रयोगांतही हेच दिसलं आहे. शरीरात पाणी पुरेसं असताना हलक्या बिअरने एकूण लघवी पाण्याइतकीच होते, कडक दारूचा परिणाम थोडा जास्त पण अल्पकाळ असतो. "दारू प्यायलं की सगळं पाणी निघून जातं" हे काही खरं नाही. तोटा होतो तो कडक दारू पाणी न घालता घेतल्याने, भरभर घेतल्याने, उन्हात किंवा घाम गाळून आल्यावर घेतल्याने, आणि उलट्या झाल्याने. या चारांत उलटीचा तोटा सगळ्यात मोठा, कारण तिच्यात पाण्याबरोबर क्षारही जातात.

बसण्याआधी

१. दुपारी चारपासून बसेपर्यंत अर्धा ते पाऊण लिटर पाणी थोडं थोडं करून प्या. निघण्याआधीच्या लघवीचा रंग फिक्या गवतासारखा असेल तर तयारी ठीक आहे. रंग पाहून अंदाज घेण्याची ही शेवटची विश्वासाची संधी. पहिल्या पेगनंतर रंग काही सांगत नाही.

२. क्रिकेट, ट्रेक, समुद्रकिनारा किंवा लग्नातल्या वरातीत दोन तास नाचणं, यानंतर थेट बिअर उघडू नका. १९९७ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी व्यायामाने घाम गाळलेल्या लोकांना शून्य, एक, दोन आणि चार टक्के अल्कोहोलची पेयं देऊन पाहिली. चार टक्क्यांना लघवी जास्त झाली आणि रक्तातलं पाणी भरून यायला वेळ लागला. आपल्याकडची साधी बिअरही चार टक्क्यांच्या पुढे असते. म्हणून आधी अर्धा लिटर पाणी किंवा ताक आणि काहीतरी खारट खा, एकदा लघवी होऊ द्या, मग ठरवा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे किंवा दमट कोकणात हा नियम मोडू नका. उन्हात प्यायलेल्या माणसाला गरगरतं ते 'चढल्यामुळे' की ऊन लागल्यामुळे, हे शेजारच्याला ओळखता येत नाही.

३. जेवून बसा. पोळी-भाजी, वरण-भात, अंडी, काहीही चालेल. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश चढतं. लघवीचा जोर चढणीवर अवलंबून असल्यामुळे याचा फायदा लगेच दिसतो.

बसल्यावर

पेग मापानेच भरा. ३०-६० चं स्टीलचं माप बाजारात सहज मिळतं. अंदाजाने ओतलेला 'छोटा' सहज ३० मिलीच्या पुढे जातो आणि मग सगळा हिशेब चुकतो.

मोठ्या पेगमध्ये किमान १५० मिली पाणी घाला, आणि दोन पेगांच्या मध्ये २०० मिली साध्या पाण्याचा एक पेला रिकामा करा. तो पेला वेगळा समोर ठेवावा लागतो. "मागवू नंतर" म्हटलं की राहून जातं. त्यामागे आणखी एक कारण आहे. तहान लागलेली असली की माणूस हाताशी असेल ते पितो, आणि हाताशी पेग असतो. मधला पेला पाणी भरतो त्यापेक्षा जास्त तो वेग कमी करतो. यकृत तासाला सुमारे एक छोटा पेग, म्हणजे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. त्यापुढचं सगळं रक्तात साठतं.

पाण्याचा मारा करूनही उपयोग नसतो. व्हॅसोप्रेसिन दबलेलं असताना एकदम लिटरभर पाणी प्यायलात तर त्यातलं बरंचसं तासाभरात पिशवीत जातं. पेलाभर, पण नियमाने, असं प्या.

चकण्याबद्दल दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मीठ पाणी धरून ठेवायला मदत करतं. पण फरसाण, वेफर्स आणि मसाला शेंगदाण्यांची मूठ-मूठ तहान वाढवते आणि ती तहान दारूने भागवली जाते. काकडी, गाजर, उकडलेले चणे, मोड आलेले मूग, अंडी, भाजलेलं पनीर किंवा चिकन घ्या. मीठ बेताचं, पाणी बरोबर, पोटही भरलेलं.

एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळू नका. कॅफीनमुळे झिंग कमी वाटते, रक्तातलं अल्कोहोल मात्र तेवढंच असतं, आणि माणूस जास्त पितो.

बायकांच्या बाबतीत हिशेब वेगळा येतो. सारख्याच वजनाच्या पुरुषापेक्षा स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तोच पेग रक्तात जास्त चढतो. त्यात स्वच्छ संडास नाही म्हणून पाणीच न पिणं आणि तासन्‌तास लघवी दाबून धरणं, ही बाहेर बसणाऱ्या आणि लांब प्रवास करणाऱ्या कित्येक जणींची रीत होऊन बसते. कोरडं शरीर आणि दाबून धरलेली लघवी, संसर्गाला याहून अनुकूल काही नाही. जागा ठरवतानाच तिथल्या संडासाची चौकशी करणं हा फाजील चोखंदळपणा नाही. गरोदरपणात दारू अजिबात नको, तिथे कुठलाही हिशेब लागू नाही.

झोपण्याआधी

शेवटचा पेग आणि झोप यांत दोन तासांचं अंतर ठेवा. तेवढ्यात लघवीचा मुख्य जोर निघून जातो आणि रात्रीची उठबस वाचते. 'झोपताना लिटरभर पाणी ढोसलं की सकाळी काही होत नाही' हा सल्ला चुकीचा आहे. त्याने पहाटे तीनला पिशवी फुटायला येते, किंवा गाढ झोपेत जाणीवच न होता अंथरूण ओलं होतं. शिवाय भरल्या पोटी आडवं झाल्यावर उलटी होण्याची भीती. २०० ते ३०० मिली, घोट घोट, एवढं पुरे. उलटी झाली असेल किंवा खूप घाम गेला असेल तर साध्या पाण्याऐवजी ओआरएस.

झोपण्याआधी लघवीला दोनदा जा. एकदा जाऊन आलात की दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा. पहिल्या वेळी पिशवी पूर्ण रिकामी झालेली असेलच असं नाही.

रात्री उठताना

घरातले लोक ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात तो धोका इथे आहे. दारूने रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, शरीरात पाणी कमी असतं, झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, आणि भरलेली पिशवी रिकामी होताना तो आणखी उतरतो. माणूस लघवी करता करता किंवा लगेच नंतर चक्कर येऊन पडतो. फरशी, नळ, कमोडची कड, सगळं डोक्याजवळ असतं. तरुण, धडधाकट माणसंही अशी पडतात.

म्हणून: आधी पलंगाच्या कडेला एक मिनिट बसा, पाय हलवा, मग उठा. पुरुषांनीही बसूनच लघवी करा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवं बसून एकदम उठू नका, भिंतीचा किंवा कडीचा आधार घेऊन सावकाश उठा. आतून कडी लावू नका. वाटेतला दिवा चालू ठेवा, फरशी कोरडी असू द्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका दुप्पट गांभीर्याने घ्यावा.

सकाळी

आता पाणी अंगी लागतं. व्हॅसोप्रेसिन परत आलेलं असतं, किडनी पाणी धरते आहे. म्हणून खरी भरपाई सकाळी करायची. पण नुसत्या पाण्याने नव्हे. पाणी धरून ठेवण्याच्या या अवस्थेत, मळमळत असताना, पोटात अन्न नसताना तीन-चार लिटर साधं पाणी भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जास्त दुखतं, गोंधळल्यासारखं होतं, टोकाला गेलं तर आकडीही येते. दिवसेंदिवस बिअरवर राहून जेवण टाळणाऱ्यांत सोडियम उतरण्याचा हा प्रकार डॉक्टरांना दिसतो.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत २०० मिली ओआरएस, घोट घोट. मग तीन-चार तासांत मिळून एक लिटरपर्यंत. पाकीट नीट वाचा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पिणं ही नेहमीची चूक आहे. त्याने मिठाचा मारा होतो, तहान आणि जुलाब वाढतात. बिअरमध्ये किंवा सरबतात मिसळूनही घेऊ नका. घ्यायचं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असलेलं. दुकानातल्या गोड फळांच्या चवीच्या डब्यांवर पूर्वी 'ओआरएस' असं छापलेलं असायचं. सूत्र न पाळणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. जुना साठा हाती पडलाच तर मागची बाजू वाचा.

घरी करायचं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. साखर चवीसाठी नाही. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या.

उलटी झाली तर दहा मिनिटं काहीच देऊ नका. नंतर दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं आहे, पण पेला पोटात टिकत नाही तेव्हा चमचा टिकतो.

खायला भाताची पेज, मेतकूट-भात, केळं, मुगाची खिचडी. पेजेत मीठ असू द्या. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडं असतं, त्यामुळे ते पेजेच्या किंवा खारट काहीतरी खाण्याच्या जोडीला चांगलं, एकटं अपुरं. पोटात जळजळ नसेल तर मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक किंवा कोकम सरबत उत्तम. रोज चहा घेणाऱ्याने एक कप घेतला तर काही बिघडत नाही.

घशाची कोरड, तहान आणि उभं राहिल्यावरची गरगर याने जाते. डोकेदुखी, मळमळ आणि अंगाचा ठणका मात्र पूर्ण जाईलच असं नाही, कारण हँगओव्हर म्हणजे फक्त पाण्याची कमतरता नव्हे. दारूच्या विघटनातून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड, शरीरातला दाह, जठराला लागलेली चुरचूर आणि मोडलेली झोप, हे सगळं त्यात असतं आणि त्याला वेळच लागतो.

डोकेदुखीवर रिकाम्या पोटी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. कोरड्या शरीरात ती किडनीवर ताण आणतात आणि जठराला रक्तस्रावापर्यंत नेऊ शकतात. नेहमी पिणाऱ्याने पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्याचं यकृत आधीच दबलेलं असतं. आणि 'उतारा' म्हणून सकाळी परत एक पेग घेतला तर व्हॅसोप्रेसिन पुन्हा दबतं, भरत आलेलं पाणी पुन्हा निघतं, आणि व्यसनाच्या वाटेवरची ती एक ठळक पायरी असते.

दुसऱ्या दिवशीची लघवी वाचायची कशी

सकाळची पहिली गडद पिवळी असली तर घाबरू नका. दुपारपर्यंत ती फिकी व्हायला हवी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर लघवी भडक पिवळी होते, तिचा पाण्याशी संबंध नाही. लघवी थोडी, गडद आणि किंचित जळजळ, म्हणजे आपण ज्याला 'उन्हाळी लागली' म्हणतो, ती पाणी पुरेसं गेल्यावर दिवसभरात थांबते. ती थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, लघवी गढूळ किंवा वास मारणारी असेल, तर तो संसर्ग समजून लघवी तपासून घ्या.

चहाच्या काढ्यासारखी किंवा कोलासारखी तपकिरी लघवी वेगळीच गोष्ट सांगते. बेशुद्ध पडून माणूस रात्रभर टणक फरशीवर एका हातावर किंवा पायावर झोपला तर दबलेले स्नायू मरतात आणि त्यांतला रंग लघवीत उतरतो. हा रंग किडनी बंद पाडू शकतो. त्या हाता-पायाला सूज आणि वेदना असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

मुतखड्यावर बिअर

'बिअर प्या, खडा पडून जाईल,' हे आपल्याकडे इतकं रुजलेलं आहे की डॉक्टरांनीच सांगितलं असं लोक म्हणतात. बिअरने लघवी वाढते, एवढं खरं. पण दोन-तीन तासांचा लोंढा संपला की पुढे लघवी गडद होते, आणि खडे गडद लघवीतच वाढतात. बिअरने युरिक ॲसिडही वाढतं. गाउट किंवा युरिक ॲसिडचे खडे असणाऱ्याला ती सरळ अपाय करते. खडा नळीत अडकलेला असताना वरून लोंढा सोडला तर वेदना वाढते, कारण पुढची वाट बंदच असते. खड्यावरचा खरा उपाय म्हणजे दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, वर्षभर, रोज. एक दिवस बाटलीत मोजून पाहा, आपण त्याच्या किती खाली आहोत ते कळेल.

ज्यांनी हा हिशेब डॉक्टरांबरोबरच करायचा

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड) घेणाऱ्यांचं पाणी आणि क्षार आधीच बाहेर जात असतात. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर आणि पाणी काढतात. त्यावर दारू आणि उपाशी पोट आलं की रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो, आणि साखर फार वाढलेली नसल्यामुळे तो लवकर लक्षातही येत नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर पहाटे धोकादायक उतरू शकते आणि घरच्यांना ती झिंग वाटते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगात पाणी कमी झालं की औषधाची पातळी विषारी होऊ शकते. किडनीचा आजार, हृदय कमजोर असणं, यकृताच्या आजाराने पोटात पाणी होणं, यांत ओआरएसमधलं मीठ आणि पोटॅशियमसुद्धा त्रासाचं. इथलं एकही प्रमाण त्यांच्यासाठी नाही.

प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना आणखी एक सूचना. दारूने पिशवी भरभर भरते, जाणीव बोथट होते, पिशवी ताणली जाते, आणि मग जोर लावूनही थेंब येत नाही. त्यात सर्दीची गोळी घेतलेली असेल तर शक्यता वाढते. ओटीपोट फुगून घट्ट झालं आणि लघवी बंद झाली तर पाणी पाजत बसू नका, गरम पाण्याच्या शेकात रात्र घालवू नका. नळी घालून लघवी काढणं हा दहा मिनिटांचा उपाय आहे आणि तो रुग्णालयातच होतो.

रोज पिणाऱ्याने एकदम थांबवल्यावर हात थरथरणं, दरदरून घाम, झोप उडणं, भास होणं, यांना 'पाणी कमी झालं' म्हणून ओआरएस देत बसू नका. दारू सुटतानाची ही लक्षणं आहेत. आकडी पहिल्या दोन दिवसांतच येऊ शकते. तिथे औषधोपचार लागतो. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत सल्ला मिळतो, पुण्यात मुक्तांगणसारखी केंद्रं आहेत.

रुग्णालय कधी

माणूस हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील तर १०८ ला फोन करा. कुशीवर वळवून ठेवा. लिंबू चोखायला देणं, ताक पाजणं, थंड पाण्याची आंघोळ घालणं, यातलं काहीही करू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं.

आठ तासांहून जास्त लघवीच झाली नाही, उलट्या थांबत नाहीत, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, गोंधळ वाढतो आहे, तर वाट पाहू नका. दारू कुठली होती याबद्दल शंका असेल आणि प्यायल्यानंतर १२ ते २४ तासांत डोळ्यांपुढे धूसर, धुक्यासारखं दिसू लागलं तर ते मिथेनॉल असू शकतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पाणी पिऊन हे विष उतरत नाही. उतारा रुग्णालयात असतो आणि तासातासाने वेळ निघून जात असतो.

तिथे गेल्यावर चार गोष्टी सांगा: काय आणि किती मिली प्यायलं, शेवटचा पेग किती वाजता, शेवटची लघवी कधी झाली आणि कुठल्या रंगाची होती, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. बाटली सापडली तर तीही घेऊन जा.